पाने वाटण्यापूर्वी : रामाकोना परिसरातील कामाच्या जागा आणि पत्त्यांचा डाव

कामाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या, पण एकमेकांना स्वतः न निवडलेल्या माणसांचा एक चमू व्हावा म्हणून जे जाणीवपूर्वक प्रयत्न केले जातात, त्यांना व्यवस्थापनाच्या परिभाषेत संघबांधणी म्हणतात. आणि अशा प्रयत्नांत खेळांना स्थान दिले जाते तेव्हा त्यामागे बहुधा अशी समजूत असते की, माणसे एकत्र हसली-खेळली की ती एकत्र कामही चांगले करतात. रामाकोना आणि त्याच्या आसपासच्या कामाच्या जागांवर पत्त्यांच्या खेळांचा या हेतूने उपयोग करताना जो अनुभव हाती आला, तो या समजुतीला सरळ दुजोरा देणारा नाही. चार माणसांमधला विश्वास डाव रंगात आल्यावर जेवढा वाढतो त्याहून अधिक तो पाने वाटण्यापूर्वी, कोणत्या नियमांनी खेळायचे हे मोकळेपणाने ठरवले जाते त्या थोड्या वेळात वाढतो, आणि तो वेळ वगळला तर तोच डाव माणसांच्या मनात अढी धरवतो, असे या अनुभवाचे सार आहे आणि पुढील विवेचन त्याच्याच आधारे केले आहे.

रामाकोना हे सौसर तालुक्यातील गाव कन्हानच्या खोऱ्यात, नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे, आणि 2023 मध्ये सौसर व पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला तेव्हापासून ते या नव्या जिल्ह्यात मोडते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथे घरातली आणि बाजारातली भाषा मराठी, कचेरीतली आणि शाळेतली भाषा प्रामुख्याने हिंदी, आणि घाटाकडच्या वस्त्यांत गोंडी, अशी स्थिती आहे. संत्र्याच्या बागा, कापूस, सौसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रातील कारखाने, शाळा, बँका, रेल्वे आणि मालवाहतूक अशा निरनिराळ्या कामांत या तिन्ही भाषांची माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. संघबांधणीच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व असे की, येथे पत्त्यांच्या दोन परंपरा एकाच टेबलावर भेटतात, आणि त्या इतक्या सारख्या दिसतात की त्यांतला फरक खेळणाऱ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

पहिली परंपरा मेंढीकोटाची आहे. या खेळात चार खेळाडू असतात, समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू असतात, बावन्न पाने सारखी वाटली जातात आणि प्रत्येकाच्या हाती तेरा पाने येतात. ज्याची उतारी असेल तो एक पान टाकतो, बाकीच्यांनी त्याच रंगाचे पान द्यायचे असते, रंग नसेल तर हुकमाचे पान मारता येते किंवा दुसरे कोणतेही पान टाकता येते, आणि चार पानांत जो वरचढ ठरतो तो ती चार पाने, म्हणजे एक हात, आपल्या बाजूला ओढतो. सगळा जीव मात्र दश्शीत असतो, कारण चार रंगांच्या चार दश्श्या याच या खेळातल्या मेंढ्या होत. ज्या जोडीकडे तीन वा चार मेंढ्या जातात ती जिंकते, दोन-दोन अशी वाटणी झाली तर ज्यांचे हात जास्त त्यांची सरशी, आणि चारही मेंढ्या एकाच जोडीने धरल्या तर कोट झाला असे म्हणतात. हुकूम ठरवण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत : कोठे एक पान उपडे ठेवून ते गरज पडल्यावर उघडतात, तर कोठे ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग तोच हुकूम मानतात.

दुसरी परंपरा हिंदी भाषकांच्या दहला पकडची आहे. तिच्यातही चार खेळाडू, दोन जोड्या आणि दश्श्या धरण्याचा खटाटोप असतो. पण हात जिंकल्याबरोबर पाने उचलली जात नाहीत. ती टेबलाच्या मध्यभागी साचत राहतात, आणि एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात केले की तो साचलेला सगळा ढीग त्याच्या जोडीकडे जातो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकाने खेळाची सगळी नीती पालटते. मेंढीकोटात भिडूने हात केला काय आणि आपण केला काय, फळ एकच असते. दहला पकडमध्ये भिडूने एक हात केलेला असताना त्याच्या वरचे पान टाकून आपणच हात करणे म्हणजे त्याची साखळी तोडणे होय. शिवाय मराठी माणूस ज्याला हुकूम म्हणतो त्याला हिंदी खेळाडू तुरुप किंवा रंग म्हणतो, आणि त्याच्या तोंडी ‘हुकुम’ हे इस्पिकाचे नाव असते. त्यामुळे हुकूम कोणता, या साध्या प्रश्नाचे उत्तरही मिश्र टेबलावर दोनदा विचारून घ्यावे लागते.

हा फरक प्रत्यक्ष डावात काय करतो हे एका संत्रा-पॅकिंगच्या शेडमधील जेवणाच्या सुटीत पाहायला मिळाले. समोरासमोर बसलेल्या एका जोडीत जवळच्या गावचा मुकादम आणि घाटावरून आलेला ट्रकचालक होते, तर दुसऱ्या जोडीत हिशेब लिहिणारे मुनीम आणि काट्यावर क्रेट मोजणारा एक तरुण. मुकादमाने बदामाच्या एक्क्याने हात केला होता आणि त्या हातात बदामाची दश्शी होती, त्यामुळे एक मेंढी आपल्या पदरात पडली असे समजून त्याने पुढची उतारी चौकटीच्या गुलामाने केली. मुनिमांकडे चौकटीचे एकच पान उरले होते आणि ते नेमके दश्शी होते, म्हणून त्यांना ती टाकणे भाग पडले. तिसरा नंबर ट्रकचालकाचा होता. त्याच्या हातात चौकटीचा एक्का आणि दुर्री अशी दोन पाने होती, आणि एक्का टाकला असता तर दुसरी मेंढीही त्यांच्या जोडीची झाली असती. त्याने दुर्री टाकली. शेवटच्या तरुणाने राणी टाकून गुलाम मारला, दश्शी उचलली, आणि मुकादम हातातली पाने टेबलावर आपटून उठला.

मुकादमाच्या दृष्टीने यात गाढवपणा होता किंवा दगाबाजी होती, आणि या दोहोंवाचून तिसरे कारण त्याला सुचणे शक्यच नव्हते. चालकाचा हिशेब मात्र त्याच्या नियमांप्रमाणे बिनचूक होता : एक हात भिडूने केला आहे, गुलामावर दुसराही त्याचाच झाला तर दोन दश्श्यांसह सगळा ढीग आपला, आणि गुलाम मारला गेला तरी ढीग मध्येच राहील, कोणाचाच होणार नाही; आपण एक्का टाकला तर मात्र भिडूची साखळी आपल्याच हाताने तुटेल. तो भिडूला मदत करत होता. ती मदत भिडूला घातक ठरली, कारण दोघे दोन वेगळे खेळ खेळत होते आणि दोघांनाही आपण एकच खेळ खेळतो आहोत याची खात्री होती. ‘आमच्याइकडं तर असंच खेळतेत’ एवढेच मुकादम म्हणत राहिला, चालक हिंदीत तेच वाक्य म्हणत राहिला, आणि त्या दुपारी गाडी भरताना दोघांनी एकमेकांशी कामापुरतेही बोलणे टाळले.

ज्याला पत्त्यांकडे संघबांधणीचे साधन म्हणून पाहायचे आहे त्याने या प्रसंगाचा नीट विचार करावा, कारण कामातले पुष्कळसे तंटे याच घडणीचे असतात. त्याच शेडमध्ये माल ‘भरून झाला’ याचा अर्थ मुकादमाच्या लेखी शेवटचे क्रेट गाडीत चढले असा होता, मुनिमांच्या लेखी पावती फाडली असा होता आणि चालकाच्या लेखी ताडपत्री बांधून दोर आवळला असा होता. त्यामुळे गाडी उशिरा का सुटली याची चौकशी झाली की प्रत्येकाचे उत्तर खरे असूनही एकाचे दुसऱ्याशी जुळत नसे. खेळातली अडचण कामातल्या अडचणीचे प्रतीक म्हणून येथे मांडलेली नाही. ती प्रत्यक्ष तीच अडचण आहे, फक्त पत्त्यांत ती अर्ध्या तासात उघडी पडते आणि तिच्यापायी कोणाचा माल सडत नाही.

या अनुभवाला शास्त्रीय चौकट देणारा एक खेळ जगात अन्यत्र तयार झालेला आहे, आणि तो घडवणारा मनुष्य मूळचा तमिळनाडूचा आहे ही गोष्ट आपल्याकडच्या प्रशिक्षकांना फारशी ठाऊक नसते. शिवसैलम त्यागराजन यांनी 1980 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात काम करत असताना, तेथील ग्बार्न्गा या शहराच्या नावावरून, बार्न्गा हा खेळ रचला; सहकाऱ्यांसह यूकर हा पत्त्यांचा खेळ शिकताना प्रत्येकाने एकाच नियमपत्रकातून वेगळा अर्थ काढला, हे त्यामागचे निमित्त होते. बार्न्गात एक्क्यापासून सत्तीपर्यंतची चार रंगांची अठ्ठावीस पाने वापरतात. खेळाडू वेगवेगळ्या टेबलांवर बसतात, प्रत्येक टेबलाला नियमांचा कागद मिळतो, थोडा सराव झाला की तो काढून घेतला जातो आणि त्यानंतर बोलण्यास व लिहिण्यास मनाई असते. मग जिंकणारे आणि हरणारे टेबल बदलू लागतात. टेबलागणिक कागदातले नियम किंचित निराळे असतात, म्हणजे कोठे एक्का सर्वांत मोठा असतो तर कोठे सर्वांत लहान, कोठे हुकूम असतो तर कोठे नसतो, आणि हे कोणालाच सांगितलेले नसते. नव्या टेबलावर आलेला माणूस हात आपला समजून पाने ओढतो, दुसरा त्याचा हात अडवतो, आणि बोलता येत नसल्यामुळे प्रत्येक जण समोरचा लबाड आहे किंवा अडाणी आहे असे मनात धरतो. खेळाचा खरा भाग त्यानंतर येतो : सगळे थांबतात आणि आपल्या मनात काय आले होते ते मोकळेपणाने सांगतात.

रामाकोन्यासारख्या ठिकाणी बार्न्गाचे कागद छापावे लागत नाहीत, कारण ते माणसांच्या मनात आधीच छापलेले असतात. म्हणून येथे जी पद्धत हळूहळू बसत गेली ती अशी : टेबलावर बसलेल्या चौघांनी प्रथम काहीही न ठरवता एक डाव खेळायचा, कोठे अडले ते लक्षात ठेवायचे, आणि मग पाने बाजूला ठेवून प्रत्येकाने ‘आमच्याकडे कसे खेळतात’ ते सांगायचे. दुसऱ्याचा नियम चूक आहे असे म्हणायचे नाही, तो नियम ठेवल्याने खेळात काय फरक पडतो तेवढे विचारायचे, आणि सगळ्यांच्या संमतीने ठरलेले नियम एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलाच्या मध्यभागी ठेवायचे. कोणत्या भाषेत लिहायचे हाही ठरावाचाच भाग असतो. पुष्कळदा तो पुठ्ठा मराठी-हिंदी मिसळीत लिहिला जातो, आणि ती मिसळ व्याकरणाला धरून नसली तरी चौघांनाही एकच अर्थ सांगते, त्यामुळे ती दुरुस्त करण्याचा मोह प्रशिक्षकाने आवरावा. ज्या टेबलांवर हा पुठ्ठा तयार झाला तेथे दुसऱ्या डावानंतर भांडण झाले तरी ते माणसाशी न होता पुठ्ठ्याशी होत असे, म्हणजे ‘तू फसवलेस’ याऐवजी ‘हे लिहायचे राहिले’ असे वाक्य ऐकू येई. या एका वाक्याच्या बदलासाठी सारा खटाटोप करण्याजोगा आहे.

भिडूंमधल्या खाणाखुणांचा प्रश्नही येथेच येतो. जुने भिडू पाने टाकण्याच्या ढंगावरून, खाकरण्यावरून, पान टेबलावर ठेवले की आपटले यावरून एकमेकांना हातातली गोष्ट कळवतात, आणि गावच्या पारावर ती चलाखी मानली जाते. ब्रिज या खेळाने, ज्याचे आजचे रूप 1925 मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी सिद्ध केले आणि ज्याच्या जोडी प्रकारात 2018च्या आशियाई खेळांत प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, या प्रश्नाचा निकाल फार विचारपूर्वक लावलेला आहे : भिडूंनी आपसांत संकेत ठरवावेत, पण ते प्रतिस्पर्ध्यांनी विचारले तर सांगितलेच पाहिजेत, गुप्त संकेताला तेथे मज्जाव आहे. हे तत्त्व कामाच्या जागेला जसेच्या तसे लागू पडते. जुन्या दोन कर्मचाऱ्यांना एकमेकांचे अर्ध्या शब्दात कळणे ही संस्थेची मोठी ठेव असते, पण नव्याने आलेल्याला त्या अर्ध्या शब्दाचा अर्थ कोणी सांगितलाच नाही तर तीच ठेव त्याला बाहेर ठेवणारी भिंत होते. मेंढीकोटाच्या टेबलावर जुन्या भिडूंना आपले संकेत मोठ्याने सांगायला लावले तेव्हा ते आधी संकोचले, कारण त्यांतले निम्मे संकेत आपण करतो हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

जोड्या कशा पाडायच्या यावर बरेच अवलंबून असते. माणसांना मोकळे सोडले तर साहेब साहेबांशी, मराठी मराठीशी आणि एका गावचे एकमेकांशी बसतात. म्हणून प्रत्येकाने गड्डीतून एक पान काढावे, मोठी दोन पाने ज्यांना आली ते भिडू व्हावेत, आणि ठरावीक डावांनंतर पुन्हा पाने काढावीत, ही रीत उपयोगी पडते. अधिकारी आणि हाताखालचा माणूस भिडू झाले की एक गोष्ट हमखास दिसते : हाताखालचा माणूस वरचे पान हातात असूनही साहेबांच्या पानावर ते टाकत नाही. विचारल्यावर तो खेळातलेच काही कारण सांगतो, पण पुढच्या डावात साहेब विरुद्ध बाजूला गेले तरी त्याचा हात तसाच आखडलेला असतो. येथे उपदेशाने काही साधत नाही. साहेबांनी स्वतः हरल्यावर पाने पिसायला घ्यावीत, कारण पाने पिसण्याचे काम हरणाऱ्याकडे असते आणि तेथे हुद्दा चालत नाही. हे दोन-तीनदा घडले की टेबलावरचा आखडलेपणा सैल होतो. ज्या अधिकाऱ्याला हे जमत नाही त्याने खेळात बसू नये, असे स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य सत्र घेणाऱ्याकडे हवे.

बदाम सात हा खेळ मेंढीकोटाहून सोपा आणि घरोघरी माहीत असलेला आहे, आणि त्यात जोड्या नसल्यामुळे त्याचा संघबांधणीशी संबंध नाही असे प्रथमदर्शनी वाटते. बदामाच्या सत्तीने सुरुवात होते, प्रत्येक रंगाची सत्ती लागल्यावर तिच्या वर अठ्ठी-नव्वी आणि खाली छक्की-पंजी अशी क्रमाने पाने लावत जायची, ज्याची पाने आधी संपतात तो जिंकतो, आणि लावण्यासारखे पान नसेल त्याने पास म्हणायचे. यातली खरी चाल अडवणुकीची असते : किलवरची सत्ती हाती असताना दुसरे पान लावता येत असेल तर ती दाबून ठेवायची, म्हणजे तिच्यामागे ज्यांची पाने अडली आहेत ते पास म्हणत बसतात. एखाद्या कचेरीत एका टेबलावर फाइल अडून राहिल्याने पुढची चार टेबले रिकामी बसतात तेव्हा तेथे हेच घडत असते. म्हणून हा खेळ दोनदा खेळवावा : एकदा नेहमीच्या रीतीने, आणि दुसऱ्यांदा असे ठरवून की जिंकणे-हरणे एकट्याचे नाही, सगळ्या टेबलाला मिळून कमीत कमी वेळा पास म्हणावे लागले पाहिजे. पाने तीच, नियम तेच, केवळ यशाची व्याख्या बदलली, तेवढ्याने दाबून ठेवलेल्या सत्त्या पहिल्या फेरीतच बाहेर येतात. यापेक्षा पुढे जाणारे सहकारी खेळ जगात आहेत. आंत्वान बोझा यांचा 2010चा हानाबी, ज्यात खेळाडूला इतरांची पाने दिसतात पण स्वतःची दिसत नाहीत, हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पण ज्या गड्डीची माणसांना लहानपणापासून ओळख आहे तिच्यावर भागत असेल तर नवी गड्डी आणण्याची घाई करू नये.

पाने थेट कामात शिरतात असा एक उपयोग या भागातच विशेष फळतो. संगणक आज्ञावली तयार करणाऱ्या चमूंमध्ये 2002 मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी अंदाज बांधण्याची एक पद्धत सुचवली, जिला प्लॅनिंग पोकर म्हणतात : एखाद्या कामाला किती श्रम लागतील याचा अंदाज प्रत्येक जण आकडे छापलेल्या पानांतून एक पान निवडून, ते उपडे ठेवून व्यक्त करतो, सगळी पाने एकदम उघडतात, आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा टाकणाऱ्यांनी आपले कारण सांगितल्यावर पुन्हा अंदाज घेतला जातो. पान उपडे ठेवण्यामागचा हेतू असा की, ज्येष्ठाचा आकडा आधी ऐकून बाकीच्यांनी आपला आकडा त्याच्याकडे सरकवू नये. सौसर-पांढुर्णा पट्ट्यात संत्र्याची उभी बाग उक्त्या सौद्याने घेतली जाते तेव्हा झाडावरचा माल किती निघेल याचा अंदाज हाच सगळ्या व्यवहाराचा पाया असतो, आणि तो सहसा एकच जुना जाणकार मनुष्य बागेतून फिरून सांगतो. त्याच्या बरोबर फिरलेल्या तोडणाऱ्याला आणि क्रेट भरणाऱ्याला वेगळे दिसलेले असते, पण त्यांना कोणी विचारत नाही. एका ठिपक्याला दहा क्रेट असे ठरवून एक्का ते दश्शी ही पाने प्रत्येकाच्या हाती दिली, ओळीतली काही झाडे नेमून दिली आणि पाने एकदम उघडली, तेव्हा जाणकाराने अठ्ठी टाकलेली असताना तोडणाऱ्या बाईने पंजी टाकली. तिला कारण विचारले तर तिने उत्तरेकडच्या ओळींत आतल्या फांद्यांना फळगळ झाली आहे आणि ती बांधावरून दिसत नाही असे सांगितले, आणि जाणकाराने झाडात वाकून पाहून दुसऱ्या फेरीत आपला आकडा उतरवला. चमूची बांधणी म्हणजे काय याचे यापेक्षा नेमके चित्र दाखवता येणार नाही.

एवढे असूनही गड्डी हा शब्द उच्चारताच अनेकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी निराधार नाही. ग्रामीण भागात पत्ते आणि जुगार हे एकाच श्वासात बोलले जातात, पोळ्याच्या दिवसांत गावोगाव पडणाऱ्या डावांनी घरे बुडाल्याचे लोकांनी पाहिलेले आहे, आणि ज्या घरात असे घडले तेथल्या माणसाला कामाच्या जागेवर गड्डी दिसणे हेच दुःखदायक असते. 1867चा सार्वजनिक जुगार अधिनियम केवळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवतो, रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटलेले आहे, आणि 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली आहे; परंतु कायद्यात काय बसते यापेक्षा सहकाऱ्याच्या मनाला काय बोचते हा प्रश्न येथे मोठा आहे. म्हणून कामाच्या जागेवरच्या डावात पैसा तर नाहीच, पण चहा, नाश्ता, पान असली हार-जीतही असू नये, आणि ज्याला खेळायचे नाही त्याला नियम लिहिण्याचे किंवा निरीक्षणाचे काम द्यावे, त्याला कारण विचारू नये.

स्त्रियांचा सहभाग हा याहून अवघड प्रश्न आहे. घरात, सुटीत, जागरणाच्या रात्री बाया बदाम सात उत्तम खेळतात, पण चारचौघांत, विशेषतः पुरुषांसमोर, पाने हातात धरण्याचे त्यांना दडपण येते; आणि संत्र्याच्या निवडीचे व भरणीचे काम मोठ्या प्रमाणावर त्याच करत असल्यामुळे त्यांना वगळून झालेला संघ हा अर्धाच संघ असतो. येथे अनुभव असा की, मेंढीकोटाने सुरुवात केली तर त्या कडेला उभ्या राहतात, पण अंदाजाच्या पानांनी सुरुवात केली तर पुढे येतात, कारण त्यात खेळापेक्षा कामाचे ज्ञान विचारले जाते आणि ते त्यांच्याकडे भरपूर असते. एकदा पान हाती घेण्याचा संकोच गेला की पुढचे टेबल आपोआप भरते.

पूर्वी ही सगळी बांधणी कोणी न ठरवता होत असे. मुंबईच्या लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून रोज रंगणारे डाव सर्वांना ठाऊक आहेत. नागपूर-छिंदवाडा अरुंदमापी गाडीच्या समोरासमोरच्या बाकांवरही शिक्षक, कारकून आणि दुकानांतले नोकर यांची चौकडी जमण्याजोगी जागा आणि भरपूर वेळ असे. रुंदीकरणासाठी 2015च्या अखेरीस ती गाडी थांबली आणि रोज ये-जा करणारे बसकडे वळले, पण सगळी आसने एकाच दिशेला तोंड करून असलेल्या बसमध्ये चौकडी बसत नाही. रुंद मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यावर प्रवास लवकर होऊ लागला आणि हाती मोबाइल आला. तेव्हा आता हा वेळ कामाच्या जागेनेच द्यायला हवा, आणि तो कोठून द्यायचा हा प्रश्न टाळता येत नाही.

1948च्या कारखाना अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता किमान अर्ध्या तासाची विश्रांती देणे बंधनकारक केले, दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे जेवणाची व विसाव्याची खोली आणि अडीचशेहून अधिक असतील तेथे उपाहारगृह सांगितले. परंतु तो अर्धा तास कामगाराचा स्वतःचा आहे, आणि संघबांधणीच्या नावाखाली तो काढून घेणे अन्यायाचे आहे. पगारदार माणसाच्या बाबतीत सत्र कामाच्या वेळात धरणे सोपे असते. संत्र्याच्या हंगामात मात्र पुष्कळांची मजुरी क्रेटवर ठरते, आणि क्रेटवर मजुरी घेणारी बाई पाऊण तास पानांच्या टेबलावर बसली तर ती पाऊण तासाची मजुरी घालवून बसते. तिच्या हाती पान देताना मालक जर तेवढ्या वेळाचे पैसे देत नसेल तर संघ कोणाच्या पैशाने बांधला जातो आहे हे तिला लगेच कळते. म्हणून पुठ्ठ्यावर नियम लिहिताना पहिला नियम मजुरीचा लिहावा, म्हणजे खेळाचा वेळ त्या दिवसाच्या सरासरी क्रेटच्या हिशेबाने भरून दिला जाईल असा, आणि पाने वाटण्यापूर्वी त्यावर मालकाची सही घ्यावी.